मदत हवी आहे : ऐकू न येणाऱ्या मुलीची बुद्ध्यांक चाचणी (इंदूर)

भाची 8 वर्षांची, जन्मतः दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कानाचं मशीन पाचव्या वर्षी लागलं. घरात खुणांवरच चालतं. शाळेच्या आग्रहावरून इथे इंदुरात मलिनची (भारतीय मुलांसाठीची बुद्ध्यांक) चाचणी केली. बुद्ध्यांक 64 आला, आणि शाळा म्हणते मतिमंद मुलांच्या शाळेत घाला.

मी तिथेच बसलो होतो. चाचणी घेणाऱ्या बाई मास्क लावून तोंडी प्रश्न विचारत होत्या, पोरगी नुसती त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ठोकळे पुढे आल्यावर मात्र पटापट नक्षी जुळवली. मग मोजलं काय, बुद्धी की कान? या चाचणीत तोंडी आणि कृती भागांचे बुद्ध्यांक वेगळे निघतात. ते मागितले तर 'एकूण बुद्ध्यांकच धरतात' म्हणाल्या.

ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) ताजा आहे. भाटियाची (कृतींवर आधारलेली) चाचणी सुचवू नका, ती 11 वर्षांपुढची. रेव्हनच्या रंगीत आकृत्या (शब्दांशिवायची चाचणी) चालतील, पण त्या एकट्यावर शाळा ऐकेल असं वाटत नाही. चाचणीसाठी मुंबईला एकदा जाता येईल, वारंवार नाही.

इंदूर, उज्जैन किंवा भोपाळमध्ये खुणांच्या भाषेत, निदान दुभाषी सोबत घेऊन, चाचणी घेणारं कुणी माहीत आहे का? आणि शाळेला फेरचाचणीचा अर्ज देताना नेमका कशाचा आधार द्यायचा?