मदत हवी आहे : प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये नवीन, गोव्यात कोणी मार्गदर्शक मिळेल का?

नमस्कार मंडळी. पर्वरीतल्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला होते, आता प्रॉडक्टचं काम माझ्याकडे आलंय. हॉटेलं आणि होमस्टेंसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर. वर शिकवणारं कोणी नाही. संस्थापक स्वतः डेव्हलपर.

कोणतं फीचर आधी बनवायचं हे ठरवायचं राइसचं (RICE) सूत्र पाठ आहे: रीच (किती ग्राहकांपर्यंत पोचेल), इम्पॅक्ट (किती फरक पडेल), कॉन्फिडन्स (या अंदाजांची खात्री किती) यांचा गुणाकार भागिले एफर्ट (लागणारी मेहनत). पण कॉन्फिडन्स ८० टक्के धरायचा की ५०, हे कशावरून ठरवायचं? काणकोणच्या होमस्टेवाल्या काकी म्हणतात, "बाय, माका फकत व्हॉट्सॲपार मेसेज येवंदी." मोठ्या हॉटेलाला चॅनल मॅनेजर (सगळ्या बुकिंग साइटवर खोल्यांची उपलब्धता एकसारखी ठेवणारं सॉफ्टवेअर) हवा, कारण एकच खोली दोन साइटवर विकली जाते. सेल्सवाले अर्थातच हॉटेलाच्या बाजूने. काकींसारखे ग्राहक संख्येने जास्त, पैसे कमी. इथे सूत्र गप्प बसतं.

ऑनलाइन कोर्स बरेच पाहिले. सगळी उदाहरणं लाखो युजर असलेल्या ॲपची. आमच्याकडे ए-बी टेस्टचा (अर्ध्या ग्राहकांना एक आणि अर्ध्यांना दुसरं रूप दाखवून तुलना करायची, त्याचा) निकाल विश्वासार्ह ठरेल एवढे ग्राहकच नाहीत. सर्टिफिकेटचा सोसही नाही.

महिन्यातून एकदा माझा पीआरडी (काय बनवायचं आणि का, याचा दस्तऐवज) वाचून "हे का लिहिलंस?" असं तोंडावर विचारणारं कोणी हवंय. पणजी-म्हापशात शनिवारी भेटता येईल, ऑनलाइनही चालेल. रीतसर फी देईन, फुकट नको. फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को कॉलेजातल्या इनक्युबेटरमध्ये (नव्या स्टार्टअपना मदत करणारं केंद्र) बाहेरच्यांना मेंटॉर भेटतात का, कोणाला अनुभव आहे? आणि चॅनल मॅनेजर आधी की व्हॉट्सॲप, तुम्ही काय केलं असतं?