पॉइंटर कुत्रा लावा पक्ष्याचा वास लागला की पुतळ्यासारखा थांबतोय, पुढं काय शिकवू?

प्रश्न: जांबोटीजवळ शेत हाय, 8 महिन्यांचा पॉइंटर पाळलाय. काल बांधावर वास लागला तसा एक पाय उचलून शेपूट ताठ करून उभाच राहिला, लावा भुर्रकन उडाला आणि हा मागं पळत सुटला. मावसभाऊ कोलोरॅडोला असतोय, तो असल्याच कुत्र्यावर डोंगरातल्या ग्राऊस पक्ष्यांची शिकार करतोय. मला पण जमंल काय?

उत्तर १: भावा, शिकार नको. लावा, तित्तर, रानकोंबडी सगळ्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण हाय. तिकडं कोलोरॅडोत लायसन आणि सीझन असतोय. तिथला डस्की ग्राऊस तर थंडीत खाली यायचं सोडून उलट वर चढतोय आणि फर झाडाची सुईसारखी पानं खाऊन राहतोय, त्याला हुडकायला कुत्रा कामाला येतोय.

उत्तर २: थांबणं रक्तातच असतंय, पळू नये हे शिकवायला लागतंय. लांब दोरी बांध, "थांब" म्हण, थांबला की लगेच शाबासकी दे. वारं समोरनं येईल असं चालव, मुधोळ कुत्रा नजरेवर पळतोय पण हा वासावर चालतोय. घरच्या कबुतरावर सराव कर, विणीच्या दिवसांत रानात मोकळा सोडू नको बाबा, जमिनीवर घरटी असतात.

प्रश्नकर्ता: बरं दादा, उद्याच दोरी आणतो.