रक्त चढवताना हाताच्या पट्ट्याऐवजी फाइलवरचं स्टिकर स्कॅन केलं तर चालतं का?

पोराची_आई: मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. वॉर्डात आता बारकोड आलाय. मनगटावरचा पट्टा आणि पिशवी, दोन्ही स्कॅन करायचं. काल पोरगा झोपलेला, हात पांघरुणात. सिस्टरांनी फाइलवरचं स्टिकर स्कॅन केलं, हिरवी खूण आली, झालं. मी टोकायला हवं होतं का, की उगाच शंका घेतेय?

रक्तपेढीतला_तंत्रज्ञ: टोकायचंच. स्कॅनरला माणूस दिसत नाही, लेबल दिसतं. तुमची फाइल शेजारच्या खाटेवर राहिली असती तरी हिरवीच खूण आली असती, आणि पिशवी लागली असती भलत्याच पोराला.

लोकांना धास्ती असते एचआयव्ही, काविळीची. त्यासाठी नॅट टेस्ट आहे, अँटिबॉडी तयार व्हायच्या आधीच विषाणू पकडते. (धोका शून्य होत नाही, पण खूप उतरतो.) मला विचाराल तर खरी भीती अदलाबदलीची. रक्तगट लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ सालीच दाखवून दिले, तरी ओ गटाच्या माणसाला ए गटाची पिशवी आजही लागू शकते. त्याच्या अंगातल्या अँटिबॉडी त्या पेशी शिरेतच फोडतात. थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते, किडनीवर येतं. म्हणून तर पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडून जवळ थांबायचं असतं.

आणि नमुना घेतानाही लक्ष ठेवा. नळीवर लेबल खाटेपाशीच लागलं पाहिजे. नळी चुकली तर आमचं मशीन गट अचूक काढतं, दुसऱ्याच माणसाचा! म्हणून आम्ही जुनी नोंद ताडून बघतो, आणि ती नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना मागतो. वॉर्डवाले चिडतात. चिडू देत.

नाइट_ड्यूटी: मी सिस्टर आहे. लहान मुलाच्या मनगटावर पट्टा गोल वळतो, ओला होतो, बारकोड वाचतच नाही. त्यात स्कॅनर एकच, तोही डिस्चार्ज. पण त्यावर उपाय स्टिकर नाही, नवा पट्टा छापून बांधायचा. आणखी एक: "तू अमुक ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतला पेशंट कशालाही हो म्हणतो. "नाव काय?" असंच विचारायचं. पोर लहान असेल तर आईला.

पोराची_आई: पटलं. पण तिथे कायम जायचंय हो, वाकडं घेऊन कसं चालेल?

रक्तपेढीतला_तंत्रज्ञ: वाद घालूच नका. पिशवी आली की पांघरूण सारा, हात पुढे करा, "सिस्टर, पट्टा इकडे आहे." कोणी रागावत नाही.

त्यापेक्षा मोठं काम सांगतो. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांत केल किंवा आरएच या रक्तगटांमधल्या इतर अँटिजेनविरुद्ध (म्हणजे लाल पेशींवरच्या खुणांविरुद्ध) अँटिबॉडी तयार होऊ शकतात. दुसऱ्या रुग्णालयाच्या कॉम्प्युटरला ते ठाऊक नसतं, आणि काही काळाने त्या अँटिबॉडी तपासणीत दिसेनाशाही होतात. पुढच्या खेपेला रक्तपेढीतून तशी नोंद लिहून घ्या आणि फाइलमध्ये नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा.