चर्चा: ज्येष्ठांना घरपोच व्हॅन हवी, की आधी बस आणि फुटपाथ नीट हवेत?

कोथरूडकर:
बसच्या पासात सवलत दिली की ज्येष्ठांचा प्रश्न सुटला, असं पुणे पालिकेला वाटतं. पण पास स्टॉपपर्यंत पोचणाऱ्याच्याच कामाचा. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्या बघा. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आणि राहणारे पंचाहत्तरीपुढचे. डायलिसिस, फिजिओथेरपी, मोतीबिंदूनंतरची तपासणी, सगळ्याला रिक्षा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रिक्षात वाकून शिरणं म्हणजे शिक्षाच. १०८ रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी आहे, ठरलेल्या तपासणीला तिला बोलवूही नये. माझा प्रस्ताव साधा आहे: १५ क्षेत्रीय कार्यालयांना प्रत्येकी चार व्हॅन, आदल्या दिवशी फोनवर नोंदणी, घर ते दवाखाना आणि परत.

हिशेबी:
साठ व्हॅनचा हिशेब मांडा. व्हीलचेअर रॅम्पवरून आत घ्यायची, चार पट्ट्यांनी जमिनीला जखडायची, माणसाला वेगळा पट्टा लावायचा. यात पाच-सात मिनिटं गेली. दारात थांबणं दहा मिनिटं, रस्ता वीस-पंचवीस, पुढच्या घरापर्यंत रिकामी धाव वेगळीच. आठ तासांच्या पाळीत एकेरी बारा फेऱ्या झाल्या तरी खूप, म्हणजे जाऊन-येऊन सहा माणसं. साठ व्हॅन मिळून दिवसाला ३६०. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने ही सेवा सक्तीची केली, तीही बसने जाता न येणाऱ्यांपुरती आणि बसमार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात. कारण उघड आहे, एका फेरीचा खर्च बसच्या कितीतरी पट पडतो.

त्याऐवजी स्टॉप बघा. लो फ्लोअर बसचा मजला रस्त्यापासून ४०० मिलिमीटर. फुटपाथ १५० चा असेल आणि बस कडेला चिकटून थांबली, तर पाऊल फक्त २५० चढायचं. पण बस-बेमध्ये, म्हणजे बस थांबायच्या राखीव जागेत, रिक्षा उभ्या असतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते. मग आजी फुटपाथवरून खाली उतरणार, रिक्षांमधून वाट काढणार आणि पूर्ण ४०० चढणार. महागडी बस घेऊन फायदा शून्य!

सिग्नलचंही तेच. १८ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालीने धरला, तर हिरवा दिवा १५ सेकंद पुरतो. काठी टेकत चालणाऱ्याचा वेग ०.८ धरा. दिवा बदलतो तेव्हा त्याचे ६ मीटर बाकी असतात. वेळ साडेबावीस सेकंद करायला निविदा लागत नाही.

पेठकरीण:
दोघंही जिना विसरलात. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या इमारतींचे जिने अरुंद, मधल्या वळणावर स्ट्रेचर फिरतच नाही. तिथे लागते पट्टे असलेली, घडी होणारी उचल-खुर्ची आणि दोन माणसं, एक वर, एक खाली. गल्लीत व्हॅन उभी करून ड्रायव्हर वर गेला की मागे हॉर्नची रांग लागलीच. म्हणून व्हॅन मोजू नका, मदतनीस मोजा. साठ व्हॅन आणि साठ ड्रायव्हर एवढंच घेतलंत, तर निम्म्या फेऱ्या जिन्याखालीच अडतील.

दुसरी अडचण परतीची. डायलिसिस साधारण चार तासांचं, पण उठवल्यावर बीपी उतरतं, सुईच्या जागी दाबून धरावं लागतं, चक्कर थांबेपर्यंत बसवतात. परतीची व्हॅन एक वाजता ठरवली आणि पेशंट पावणेदोनला सुटला, की व्हॅन पुढच्या घरी गेलेली. परतीला ठरलेली वेळ नकोच, केंद्रातून फोन आल्यावरच गाडी निघायला हवी.

हिशेबी:
फोनवर निघणारी गाडी म्हणजे मधल्या वेळात नुसती उभी गाडी. ३६० चे २५० होतील.

पेठकरीण:
होऊ देत की. पण डायलिसिस आठवड्यात तीनदा, सोम-बुध-शुक्र नाहीतर मंगळ-गुरू-शनि. माणसं तीच, केंद्र तेच, पाळी ठरलेली. एका पाळीतले जवळपासचे दोघं-तिघं एका गाडीत बसवा. सुटायला दहा-पंधरा मिनिटं मागंपुढं झाली तरी एकमेकांसाठी थांबतात. नोंदणीची कटकटही नाही. सुरुवात इथूनच करा, बाकीचं मग बघू.

सहकारनगर_३०४:
काही फेऱ्या मुळातच रद्द करता येतात. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत रांग कशाला? मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, होतो, पोस्टमन घरी येऊनही करून देतो. फक्त आधार आणि पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतनाच्या आदेशावरचा) हाताशी ठेवा. आणि निवृत्तिवेतन खात्यात आधार जोडलेलं नसेल तर अर्ज तिथेच अडकतो, ते आधी तपासा.

कोथरूडकर:
हे पटलं, पण दवाखाना मोबाईलवर होत नाही. आणि हिशेबी, फुटपाथ सुधारून झाले तरी तिसऱ्या मजल्यावरची बाई घरातच. तिच्यासाठी ती सुधारणा कुठल्या वर्षी पोचणार?

हिशेबी:
ती बाई कुठे राहते, हे कुणाला माहीत आहे? २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे ९.९ टक्के होते. वॉर्डनिहाय आखणीला तो आकडा जुना आणि ढोबळ. मतदार यादीत वय असतं, मतदान केंद्रनिहाय पंचाहत्तरीपुढचे मोजता येतात. ८५ पुढच्यांना २०२४ पासून घरून मतदान आहे, त्यासाठी १२डी फॉर्म भरणारे तर बीएलओला (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) घरासकट माहीत.

पेठकरीण:
यादीत वारलेले राहतात आणि मुलाकडे हिंजवडीला गेलेलेही. ज्येष्ठ नागरिक संघाकडे मागाल तर त्यांच्या यादीत संघापर्यंत चालत येणारेच सापडतील. यादी घ्या, पण पडताळणी आशाताईंकडून, औषधांच्या दुकानातून आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडून करा. कोण जिना उतरलेलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

हिशेबी:
बरं, तुमचे दोन मदतनीस धरतो. मग ड्रायव्हर धरून गाडीमागे तीन पगार झाले. साठऐवजी वीसच गाड्या घ्या, फक्त डायलिसिसच्या फेऱ्यांना. उरलेला पैसा बस-बे मोकळे ठेवण्यावर. कोथरूडकर, वीसवर तयार आहात?

कोथरूडकर:
वीस चालतील, पण पंधराही कार्यालयांना किमान एक. नाहीतर सगळ्या डेक्कनलाच फिरत राहतील.