ऑर्गॅझम हे ध्येय ठेवावं की नाही?

खाडीकाठ, ठाणे
नुसत्या संभोगाने बायकोला ऑर्गॅझम, म्हणजे लैंगिक सुखाचा परमोच्च क्षण, येत नाही, म्हणून तिच्यात दोष आहे, हा समज आधी सोडा. बहुतेक स्त्रियांना तसा तो येत नाही. सुखाचा मुख्य अवयव क्लिटोरिस, आणि तो योनीत नाही, मूत्रद्वाराच्या वर असतो. बाहेर दिसतं ते फक्त टोक, बाकीचा भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन सर्जनबाईंनी त्याची नीट रचना १९९८ साली मांडली, इतक्या उशिरा! म्हणून हे शिकायचं काम आहे. घाई नको, वंगण हवं, टोकावर थेट जोर न देता आजूबाजूने हलका दाब. ती ऑर्गॅझमच्या जवळ आली की नवरे वेग वाढवतात आणि तिथेच सगळं ओसरतं. जे चाललंय तेच, त्याच लयीत चालू ठेवायचं.

ऐरोलीकर
अवयवाबद्दल वाद नाही, पण ध्येय ठेवलंत की नवरा परीक्षेला बसतो. 'आलं का?' असं दोनदा विचारलं की ती स्वतःवरच पहारा ठेवते आणि उत्तेजना उतरते. शेवटी खोटं 'हो' म्हणून मोकळी होते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिक संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत याच्या उलट आहे. सुरुवातीला संभोग बंद, स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य. आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटं स्पर्श, लक्ष फक्त स्पर्श कसा लागतोय याकडे. पुढचा टप्पा धास्ती गेल्यावर. शिवाय कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये सासूबाई पडद्यापलीकडे असतील तर तुमची लय काय करणार? आधी दाराला कडी लावा.

खाडीकाठ, ठाणे
कडी मान्य. पण 'ध्येय नको' हे पुरुषाच्याच सोयीचं, त्याचं तर होतंच! अमेरिकेतल्या ५० हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीत नेहमी किंवा बहुतेक वेळा ऑर्गॅझम येणारे भिन्नलिंगी पुरुष ९५ टक्के, भिन्नलिंगी स्त्रिया ६५ आणि समलिंगी स्त्रिया ८६ टक्के होत्या. म्हणजे बाईचं शरीर कमी पडत नाही, पद्धत कमी पडते. तिने फक्त जवळिकीवर समाधान का मानावं?

वाशीचा फार्मासिस्ट
दोघंही नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्या विसरलात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांनी ऑर्गॅझम लांबतो किंवा येतच नाही, स्त्री-पुरुष दोघांनाही. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. कंडोम लेटेक्सचा असेल तर खोबरेल तेल नको, तो फाटतो. वॉटर-बेस्ड वंगण घ्या. आत दुखत असेल तर केगल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा) करू नका, आवळलेले स्नायू आणखी आवळतात. आणि स्टेशनाबाहेरच्या 'शक्तिवर्धक' पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याचं त्याने बीपी कोसळून जीव जाऊ शकतो.

ऐरोलीकर
टक्केवारी पटली, पण त्यातून निघतं ते एवढंच की तिला काय हवं ते आधी तिला विचारा. त्या वेळी नको, दुसऱ्या दिवशी चहा घेताना विचारा. अंथरुणात विचारलं की उत्तर नवऱ्याला बरं वाटेल असंच येतं.