विंचवाचे सोयरे
‘हॉट हॅचवाल्यांना (म्हणजे छोट्या पण दमदार इंजिनाच्या हॅचबॅक गाड्या चालवणाऱ्यांना) नुसतं मिरवायचं असतं’ असं कुणी कुणी म्हणतं. अर्धं पटलं. इंदूरला छप्पन दुकान या खाऊगल्लीपाशी माझी फियाटची अबार्थ पुंटो उभी केली की मिरवणं आपसूकच होतं. पोरं अबार्थच्या विंचवाच्या बिल्ल्याचे फोटो काढतात, मग हमखास विचारतात, “भिया, कितना देती है?” (१४५ अश्वशक्तीच्या गाडीला मायलेजचा प्रश्न!)

पण खरी गंमत वेगळीच. पुंटो बंद झाल्यापासून सुटे भाग शोधणं म्हणजे मुलीसाठी स्थळं बघणं. त्यामुळे सिग्नलला दुसरी पुंटो दिसली की हात हलवून भागत नाही. गाडी बाजूला घेऊन फोन नंबर घेतले जातात. मागे अशाच ओळखीतून बडोद्याच्या एका पुंटोवाल्यांकडून टाय रॉड (स्टिअरिंगचा एक भाग) आला, “पैसे सावकाश पाठवा” म्हणाले. फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयवालेही आमच्यात चालतात, इंजिन १.२ लिटरचंच असलं तरी.