गोळी, भूक आणि परत आलेला डबा

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता यांचा विकार; ‘त्याच्या गोळ्यांनी मूल गुंगीत राहते, त्यापेक्षा घरात शिस्त लावा’ हे मत मला अर्धेच पटते. मूल मख्ख दिसू लागले तर पुष्कळदा मात्रा जास्त झालेली असते आणि ती डॉक्टरांकडून कमी करून घेता येते. या विकारावर दिले जाणारे मिथाइलफेनिडेट हे झोपेचे औषध नसून मेंदूत डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता वाढवणारे उत्तेजक आहे. शिस्त आम्ही दोन वर्षे लावून पाहिली, त्यात आमचाच घसा बसला.

भुकेचा विषय मात्र या मतात येतच नाही. औषध सुरू झाल्यावर पहिला महिनाभर आमच्या मुलाचा शाळेचा डबा, पोळीची घडीही न मोडता, परत येत असे. रविवारी त्याने पांढऱ्या रश्श्याची वाटी बाजूला सारली तेव्हा त्याची आजी, कोल्हापूरचीच असल्यामुळे, खरोखर घाबरली. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता गोळीआधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी असर ओसरल्यावर पूर्ण जेवण असा क्रम ठेवला आहे, आणि दर भेटीत वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांची नोंद होते. उत्तेजक सोसत नसेल तर अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषध हा पर्याय आहे, पण त्याचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. शिवाय मिथाइलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याच्या यादीत असल्याने सगळे दुकानदार ते ठेवत नाहीत. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एकदा चिठ्ठी घेऊन तीन दुकाने फिरल्यापासून आम्ही आठवडाभर आधीच सांगून ठेवतो.